पाणी कोणाचे? कोचाबांबा शहराची हकीकत

वाचकहो, तुमच्या गावात एखादी सार्वजनिक विहीर असेल. ती कोणाची, असे कोणी विचारले तर तुम्ही काय सांगाल? 'गावाची' असेच सांगाल. कागदोपत्री ती ग्रामपंचायतीची असेल, किंवा जुन्या काळी कोणा दात्याने बांधून दिलेली असेल. पण दर उन्हाळ्यात जी माणसे तिच्यात उतरून गाळ उपसतात, ज्यांच्या दोरांनी तिच्या काठाला खाचा पडल्या, त्यांच्या मते ती त्यांचीच. आता अशी कल्पना करा, की एके दिवशी राजधानीत एक कायदा होतो आणि तुम्हाला कळते की या टापूत पाणी पुरवण्याचा हक्क चाळीस वर्षांसाठी एका कंपनीला दिला आहे, आणि तुमची विहीरही त्या टापूतच येते. मग तुम्ही काय कराल?

हा प्रश्न नुसता कल्पनेतला नाही. दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशात, कोचाबांबा नावाच्या शहरातील आणि भोवतालच्या खेड्यांतील लोकांपुढे तो १९९९ साली खरोखरच उभा राहिला. त्या वेळी कोण कोणाबरोबर उभे राहिले, त्यांनी काय केले, त्यातून त्यांना काय मिळाले आणि काय मिळाले नाही, हे आपल्याला आज पाहायचे आहे.

प्रथम तो मुलूख थोडा ओळखून घेऊ. शिक्षक मंडळींनी वर्गातला नकाशा उघडावा. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम अंगाला अँडीज पर्वताची रांग उत्तर-दक्षिण गेलेली दिसेल. तिच्या मध्यभागी, समुद्रकिनारा नसलेला बोलिव्हिया देश आहे. त्यात समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० मीटर उंचीवर, डोंगरांनी वेढलेल्या एका खोऱ्यात कोचाबांबा वसले आहे. तेथील मूळ लोकांची भाषा क्वेचुआ. त्या भाषेत 'कोचा' म्हणजे तळे आणि 'पांपा' म्हणजे मैदान. नाव असे तळ्याचे. पण पाऊस आपल्या दुष्काळी तालुक्यांइतकाच, वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर, आणि तोही बहुतेक डिसेंबर ते मार्च या महिन्यांत. बाकीचे वर्ष कोरडे.

अशा खोऱ्यात शेती करायची तर पाणी वाटून घेण्याची शिस्त लागते. तेथील शेतकऱ्यांनी ती फार पूर्वीपासून बसवली आहे. ओढ्यावर बांध घालायचा, पाट काढायचा, आणि ज्याने पाटाच्या दुरुस्तीला अंगमेहनत दिली त्याला ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी पाण्याची पाळी मिळायची. धुळ्याकडे पांझरेवरची फड पद्धत ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे चटकन उमजेल. आपल्याकडे जशी इर्जिक किंवा सावड, तसे तिकडेही सामुदायिक कामाचे रिवाज आहेत. या साऱ्या व्यवहाराला सरकारी कागद नसे. होती ती वहिवाट. आणि वहिवाट मोडणाऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा नसे.

आता शहराकडे वळू. १९८५ साली बोलिव्हियात भयंकर महागाई होती. तिला आवर घालण्यासाठी सरकारने खर्च कमी करण्याचे कडक धोरण स्वीकारले. त्याच वर्षी जगाच्या बाजारात कथलाचा भाव कोसळला. सरकारी खाणी बंद पडल्या आणि वीस हजारांहून अधिक खाणकामगार बेकार झाले. त्यांतले पुष्कळजण बायकामुले घेऊन कोचाबांबाच्या खोऱ्यात आले. शहराच्या दक्षिणेकडील उघड्या-बोडक्या टेकड्यांवर त्यांनी घरे बांधली. तेथे नळ नव्हता. मग खाणीत संघटना चालवण्याची सवय असलेल्या या माणसांनी काय करावे? गल्ली-गल्लीची समिती केली, वर्गणी काढली, विहीर खणली, टाकी बांधली, नळ्या टाकल्या. जेथे विहिरीला पाणी लागले नाही तेथे टँकरवाल्याकडून पिंपाच्या भावाने पाणी घ्यायचे. आणि ते नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी महाग पडायचे. जो जास्त गरीब तो पाण्याला जास्त पैसे मोजतो, ही गोष्ट काही एकट्या कोचाबांबाची नाही.

शहराचा अधिकृत पाणीपुरवठा 'सेमापा' नावाची सार्वजनिक संस्था पाहत असे. ती १९६७ साली स्थापन झाली होती. तिचे नळ शहरातल्या निम्म्याहून थोड्या अधिक लोकवस्तीपर्यंतच पोचले होते. गळती मोठी, कर्ज मोठे, कारभार ढिला, राजकारण्यांची लुडबूड कायमची. शिवाय शहराची तहान भागवण्यासाठी ती खेड्यांच्या हद्दीत खोल विहिरी खणू लागली, तेव्हा १९९० नंतरच्या दशकात शेतकऱ्यांशी तिचे खटके उडाले. हे मुद्दाम सांगतो. पुढे जो लढा झाला तो एखाद्या आदर्श संस्थेला वाचवण्यासाठी झाला, असा गैरसमज होऊ नये. सेमापावर लोकांचा रागच होता. पण घरचा मुलगा आळशी निघाला म्हणून कोणी घर विकत नाही.

सरकारचे म्हणणे वेगळे होते. त्या काळात जगभर एक विचार जोरात होता, की सार्वजनिक सेवा सरकारकडून काढून खासगी कंपन्यांना द्याव्यात, म्हणजे भांडवल येईल आणि कारभार सुधारेल. बोलिव्हियाने तेल, दूरध्वनी, वीज, रेल्वे हे सारे याआधीच त्या वाटेने नेले होते. आता पाण्याची पाळी आली. १९९९ च्या जून महिन्यात विश्व बँकेने एका अहवालात असे सुचवले, की कोचाबांबात पाणीपट्टी वाढली तर ती हलकी करण्यासाठी सरकारने मदत देऊ नये. लिलाव जाहीर झाला. बोली लावणारा एकच निघाला. 'अग्वास देल तुनारी' नावाचा हा कंपन्यांचा गट होता आणि त्यात अमेरिकेतील बेक्टेल कंपनीचा मोठा वाटा होता. बाजारात एकच गिऱ्हाईक असले म्हणजे भाव कोण ठरवतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. सप्टेंबर १९९९ मध्ये करार झाला. मुदत ४० वर्षांची. कंपनीला भांडवलावर वर्षाला सरासरी सुमारे १६ टक्के परतावा मिळेल, अशी हमी करारातच होती. जुने कर्ज फेडायचे आणि मिसिकुनी नावाच्या मोठ्या धरणाच्या कामालाही हातभार लावायचा, असा बोजा कंपनीवर होता. तो शेवटी कोणाच्या बिलात उतरणार, हे उघडच होते.

ऑक्टोबर १९९९ च्या अखेरीस '२०२९ क्रमांकाचा' कायदा मंजूर झाला. ज्या टापूचा ठेका दिला, त्या टापूत पाणी पुरवण्याचा हक्क एकट्या ठेकेदाराचा, असा त्याचा रोख होता. मग समित्यांच्या विहिरींचे काय? पाटाच्या पाळीचे काय? त्यांच्या वहिवाटीला या कायद्यात भक्कम आधार नव्हता. लोक म्हणू लागले, उद्या पावसाचे पाणी धरायलाही परवाना काढावा लागेल. हे शब्दशः कितपत खरे, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. परंतु लोकांनी स्वतः खणलेल्या विहिरींवर कंपनीचे मीटर बसतील, ही धास्ती निराधार नव्हती; करारात तशी सोय होती.

या हकीकतीतली कळीची गोष्ट येथेच आहे, म्हणून जरा थांबू. नळ असलेल्या शहरी माणसाला चिंता होती बिलाची. टेकडीवरच्या वस्तीला चिंता होती तिने वर्गणीतून खणलेल्या विहिरीची. खेड्यातल्या शेतकऱ्याला चिंता होती वाडवडिलांपासून चालत आलेल्या पाळीची. एरवी ही माणसे एकमेकांची मित्र नव्हती. शहर आपले पाणी ओढते म्हणून खेडे शहरावर रागावलेले होते, आणि नळवाल्या पेठेला टेकडीवरची वस्ती उपरी वाटत होती. पण कायद्याने या सगळ्यांना एकाच दावणीला बांधले, आणि त्यांच्या लक्षात आले की तिघांच्या तीन चिंता मुळात एकच आहेत.

ते लक्षात आणून देणारे कोणीतरी लागते. कोचाबांबात ते काम कामगारांनी केले. तेथील कारखाना-कामगारांचा एक महासंघ होता. त्याचे पुढारी ऑस्कर ओलिवेरा हे जोड्यांच्या कारखान्यात यंत्रावर काम करणारे गृहस्थ. १९८५ नंतर कारखान्यांचे तुकडे पडून लहान लहान कामठे झाले होते, कायम कामगार घटले होते, आणि संघटनेचे जुने बळ उरले नव्हते. संख्या गेली, पण शहराच्या मुख्य चौकात संघटनेची कचेरी होती, सभा चालवण्याची सवय होती, आणि लोकांचा विश्वास होता. तिने कचेरीचे दार सगळ्यांना उघडे केले. पाटपाण्यावरच्या शेतकऱ्यांची संघटना, तिचे पुढारी ओमार फर्नांडेझ, वस्त्यांच्या पाणीसमित्या, शिक्षक, विद्यार्थी, काही इंजिनियर आणि अर्थशास्त्राचे जाणकार असे सारे तेथे येऊ लागले. नोव्हेंबर १९९९ मध्ये त्यांची एक समन्वय समिती झाली. 'पाणी आणि जीवन यांच्या रक्षणासाठी' अशा अर्थाचे तिचे नाव होते. लोक तिला नुसते 'कोओर्दिनादोरा' म्हणत.

तिचा कारभार कसा चाले, हे आपल्या ग्रामसभेच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. आधी प्रत्येक गटाची आपापली लहान सभा. तेथून निवडलेली माणसे मोठ्या बैठकीला. तेथे जे ठरेल ते चौकात हजारो लोकांपुढे मांडायचे, आणि लोकांनी हो म्हटले तरच पुढे जायचे. पुढाऱ्याने बंद खोलीत सह्या करून यावे, ही वाटच ठेवली नव्हती. इंजिनियरांनी करार वाचून त्यातील कलमे सोप्या भाषेत समजावून सांगितली. रस्त्यावर उतरलेल्या माणसाला आपण कशासाठी उतरलो हे नेमके ठाऊक होते, याचे श्रेय त्या समजावून सांगणाऱ्यांना दिले पाहिजे.

जानेवारी २००० मध्ये नवी बिले आली. वाढ सरासरी ३५ टक्के आहे, असे कंपनी सांगत होती. प्रत्यक्षात कित्येकांच्या हातात दुप्पट रकमेची बिले पडली. लोकांनी बिले भरायचे नाकारले, पुष्कळांनी ती चौकात जाळली. शहराचे रस्ते अडवले गेले. सरकारने दरांचा फेरविचार करू असे आश्वासन दिले; ते काही पाळले गेले नाही. ४ फेब्रुवारीला समितीने शांततेने चौकात जमायचे ठरवले. 'फुले आणि वाद्ये घेऊन आम्ही एक दिवस आमच्याच चौकाचा ताबा घेऊ,' असे तिचे म्हणणे होते. सरकारने बाहेरगावाहून पोलीस आणले. दोन दिवस अश्रुधूर चालला आणि दीडशेहून अधिक लोक जखमी झाले. येथे एक फरक पडला. तोवर जी मध्यमवर्गीय घरे खिडकीतून पाहत होती, त्यांनी दारे उघडली. कोणी व्हिनेगरमध्ये भिजवलेली फडकी आणून दिली, कोणी स्वयंपाक करून आणला. शेवटी दरवाढ तात्पुरती मागे घ्यावी लागली.

पण दर मागे घेऊन करार तसाच राहतो, आणि करार राहिला म्हणजे दर आज ना उद्या पुन्हा वाढतो. म्हणून २६ मार्चला समितीने स्वतःच एक लोकमत घेतले. चौकाचौकांत पेट्या ठेवल्या. सुमारे ५० हजार लोकांनी मत दिले आणि त्यांतल्या दहापैकी नऊहून अधिक जणांनी करार रद्द करा असे सांगितले. या मतदानाला कायद्याची किंमत नाही, असे सरकार म्हणाले. तसे पाहिले तर ते खरेच होते. पण लोकांनी एकदा आपले मत मोजून घेतले की त्यांना आपल्या बळाचा अंदाज येतो.

४ एप्रिलला बेमुदत नाकेबंदी सुरू झाली. शहराकडे येणारा प्रत्येक रस्ता खेड्यांतल्या शेतकऱ्यांनी दगड आणि झाडे टाकून अडवला. चौक शहरवासीयांनी आणि कामगारांनी भरला. ६ एप्रिलला पुढारी सरकारी अधिकाऱ्यांशी बोलणी करत असताना पोलिसांनी त्यांना तेथेच पकडले. दुसऱ्या दिवशी त्यांना सोडावे लागले. ८ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष ह्यूगो बान्सेर यांनी देशभर आणीबाणी पुकारली. हे गृहस्थ १९७१ ते १९७८ या काळात लष्करी हुकूमशहा होते आणि १९९७ मध्ये निवडणुकीच्या मार्गाने परत आले होते. त्याच ८ एप्रिलला कोचाबांबात १७ वर्षांचा एक मुलगा गोळी लागून ठार झाला. साध्या कपड्यातला एक लष्करी अधिकारी बंदूक झाडताना दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यात टिपला गेला. पुढे लष्करी न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. विजयाचा दिवस सांगताना त्या मुलाचे हे मरण विसरून चालणार नाही.

त्याच दिवसांत पठारावरच्या आयमारा शेतकऱ्यांनीही रस्ते अडवले होते आणि ला पास येथे पोलिसांनीच पगारासाठी संप केला होता. सरकार चहूबाजूंनी अडचणीत आले. कंपनीचे अधिकारी शहर सोडून गेले होते. सरकारने तेच कारण पुढे केले आणि १० एप्रिल २००० रोजी करार संपल्याचे लेखी मान्य केले. दुसऱ्याच दिवशी संसदेने कायद्यात दुरुस्ती करून शेतकऱ्यांच्या वहिवाटीला आणि समित्यांच्या पाण्याला जागा दिली. सेमापा पुन्हा शहराकडे आली, आणि तिच्या संचालक मंडळावर लोकांनी निवडलेली माणसे घ्यायचे ठरले.

कंपनीने मात्र हार मानली नव्हती. २००१ च्या नोव्हेंबरात तिने विश्व बँकेच्या छत्राखाली चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे बोलिव्हियाविरुद्ध कोट्यवधी डॉलर भरपाईचा दावा लावला. हा खटला बंद दाराआड चालू नये, म्हणून ४३ देशांतील तीनशेहून अधिक संस्थांनी अर्ज केला. शेवटी जानेवारी २००६ मध्ये कंपनीने दावा सोडला आणि आपले समभाग दोन बोलिव्हियानोंना विकले. त्या वेळच्या आपल्या हिशेबाने ही रक्कम दहा-बारा रुपये भरेल! पुढे २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वच्छ पाणी हा मानवी हक्क असल्याचा ठराव केला. तो बोलिव्हियानेच मांडला होता. १२२ देश बाजूने, विरुद्ध एकही नाही, ४१ तटस्थ.

येथे हकीकत संपवली तर ती ऐकायला गोड लागेल; पण ती अर्धीच ठरेल. तुम्ही विचाराल, मग दक्षिणेच्या टेकड्यांवर नळ आला का? तर बऱ्याच वस्त्यांत वर्षानुवर्षे आला नाही. करार गेला, पण सेमापाची गळती, कर्ज आणि वशिलेबाजी गेली नाही. २००२ मध्ये लोकांचे संचालक निवडण्यासाठी मतदान झाले, तेव्हा अगदी थोडे मतदार फिरकले. जे लोक एप्रिलच्या नाकेबंदीत जीव धोक्यात घालून उभे राहिले, त्यांतले बहुतेक दोन वर्षांनी मतपेटीपर्यंत चालत गेले नाहीत. २००४ मध्ये दक्षिण भागातील पाणीसमित्यांनी स्वतःचा संघ काढला आणि आपल्या नळ्या आपणच टाकण्याचे काम पुढे नेले. मिसिकुनीचे धरण २०१७ साली पुरे झाले. पण धरणातले पाणी टेकडीवरच्या घरापर्यंत न्यायला जलवाहिन्या लागतात, आणि त्या धरणाबरोबर आपोआप येत नाहीत. ज्याच्या नावाने लढा झाला, त्याच्या दारी टँकरच येत राहिला.

म्हणजे तो लढा फुकट गेला का? मला तसे वाटत नाही. ज्यांनी हाताने विहीर खणली त्यांची विहीर त्यांच्याकडेच राहिली. ज्यांची पाळी होती त्यांची पाळी कायद्याने मान्य झाली. हे लहान नव्हे. पण हिरावून घेतले जाणारे वाचवणे हे एक काम, आणि वाचवलेले नीट चालवणे हे दुसरे. पहिल्याला आठ-दहा दिवसांचे धाडस पुरते. दुसऱ्याला वर्षानुवर्षे हिशेब तपासणारी, बैठकीला जाणारी, गळका नळ दिसला की तक्रार नोंदवणारी माणसे लागतात. त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रात येत नाहीत.

शिक्षक बंधू-भगिनींना एक सुचवतो. हा धडा वर्गात सांगाल तेव्हा मुलांना शेवटी दोन प्रश्न विचारा. आपल्या गावचे पाणी कोठून येते, आणि त्याचा हिशेब कोण ठेवते? पहिल्याचे उत्तर मुले पटकन देतील. दुसऱ्याचे उत्तर घरी विचारून आणायला सांगा. मुलाने विचारल्यावर घरातल्या मोठ्यांना ते ठाऊक नसेल, तर त्यांनी येत्या ग्रामसभेला जाऊन विचारावे. कोचाबांबाच्या लोकांना पहिले काम उत्तम साधले आणि दुसरे जड गेले. आपल्याला तर आजच दुसऱ्यापासून आरंभ करता येईल.